रुमालाखाली कळलेलं दुखणं

माझी मुलगी ऋतुजा आठवीत असताना आजारी पडली. त्या आजारपणाबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा तिनं दोन अटी घातल्या. तिचा फोटो द्यायचा नाही आणि 'बिचारी' हा शब्द तिच्यासाठी वापरायचा नाही. मी माझी एक अट पुढं सरकवून बघितली, की लिहून झाल्यावर तिनं त्यात काही खोडायचं नाही. ती म्हणाली, मग लिहू नका. शेवटी तिच्याच अटींवर ठरलं. तिनं वाचताना जिथं जिथं खोडलं, तिथं मी परत काही भरलेलं नाही.

मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी आहे. गंगापूर तालुक्यात धनगराच्या घरी जन्मलो, बापामागं मेंढरं वळली, दहावीत आपटलो. छावणीत दर गुरुवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात दुसऱ्यांचे बोकड धरून उभा राहायचो, तिथूनच स्वतःचा धंदा उभा केला आणि चिकलठाण्यात घर बांधलं. पाठीशी कोणी नव्हतं. अशा माणसाला एक खोड लागते. पैसा टाकून, आवाज चढवून किंवा ठाण मांडून कुठलीही गोष्ट मिळते, असं त्याला वाटतं. मलाही वाटायचं. मुलीच्या आजारात यातलं एकही हत्यार कामाला आलं नाही. ज्यांच्या घरात तेरा-चौदा वर्षांचं लेकरू जेवायला बोलावलं तरी दार उघडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुलगी आता बरी आहे, हे आधीच सांगतो. म्हणजे धीरानं वाचाल.

पोटदुखीपासून

सुरुवात पोटदुखीनं झाली. शाळेची वेळ आली की तिचं पोट दुखायचं, कधी उलटी व्हायची. माझी बायको मंदा ओवा द्यायची, गल्लीतले डॉक्टर पातळ औषध द्यायचे. सुट्टीच्या दिवशी पोट दुखत नाही हे माझ्या लक्षात आलं आणि मी निकाल देऊन टाकला, की पोरगी नाटकं करते.

मग तिचं जेवण कमी झालं. झोप उडाली. एकदा डोक्याला तेल लावताना मंदाला टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी दिसली. चाई पडली असेल म्हणून तिनं विचारलं, तर ऋतुजानं मान खाली घातली. ती स्वतःच एकेक केस उपटत होती. माझ्या सासूनं मीठ-मिरच्या उतरवल्या. मी माझ्या परीनं इलाज केला. तिचा फोन काढून घेतला आणि तो फोन शेळ्यांच्या पेंडीच्या खोलीत कोंडून कुलूप घातलं. दिवसभर त्या फोनात डोकं घालून बसते, आता सुधरेल, असा माझा हिशेब होता.

ती सुधारली नाही. आधी निदान चिडायची तरी, आता चिडणंही बंद झालं. आणि एका सोमवारी शाळेत, प्रार्थनेच्या रांगेतच ती कोसळली.

निदान झालं तो दिवस

जालना रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात तिला दाखल केलं. सलाईन लावलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. मी रिपोर्टची वाट बघत व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो आणि खरं सांगतो, काहीतरी निघावं असं मनात म्हणत होतो. कावीळ निघू दे, टायफॉइड निघू दे. नाव असलेल्या रोगाला औषध असतं.

काहीच निघालं नाही. मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अशक्तपणा आहे तो भरून येईल, पण हिला आमच्याकडच्या मानसोपचाराच्या मॅडमना दाखवायला हवं. मी तिथंच पेटलो. माझ्या पोरीला वेडी ठरवता का, म्हणालो. दुसरीकडे नेतो, तुमच्यासारखी पन्नास हॉस्पिटलं आहेत या शहरात, म्हणालो. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मंदा शांतपणे म्हणाली, "तुम्ही ओरडून घ्या. तवर मी त्या मॅडमला बोलवायला सांगते." आणि तिनं सांगितलंही.

मॅडम आल्या. साध्या, हळू बोलणाऱ्या. खोलीत आल्या आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मला बाहेर काढलं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि आम्हाला त्यांनी नाव सांगितलं. नैराश्य, आणि जोडीला चिंतेचा आजार. मुलांनाही होतो, म्हणाल्या. तुमच्या मुलीचं सोंग नाही, तिचं पोट खरोखर दुखतंय.

मी माझ्या सवयीनं विचारलं, किती दिवसांत बरी होईल, पक्कं बोला.

"भाऊ, पक्कं एवढंच आहे की ती बरी होऊ शकते," त्या म्हणाल्या. "किती दिवसांत ते मला विचारू नका. आणि तिला तर मुळीच विचारू नका."

फोन कोंडल्याचं मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी तो इलाज मान्य केला नाही आणि चुकीचाही म्हटला नाही. रात्री फोन जवळ नसणं चांगलंच, म्हणाल्या. पण एकाच वर्गातल्या चाळीस मुलांकडं फोन असतो आणि एखादंच आजारी पडतं, तेव्हा फोनात नेमकं काय झालं हे शोधायला हवं. तो कोंडल्यावर तिला दिसत नाही, पण आत काय चाललंय याची कल्पना ती करतच असणार. आणि कल्पनेला कुलूप लागत नाही.

फोटो

काय झालं होतं ते ऋतुजानं सांगितलं नाही. तिच्या वर्गातली आरती भेटायला आली होती. खाली चहाच्या टपरीपाशी मंदासमोर ती रडली आणि सगळं बोलून गेली.

हे समजायला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. बकरी ईदच्या आधी आम्ही बोकडांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवतो, स्टेटसला ठेवतो. फोटोत नुसता बोकड असेल तर उंची कळत नाही, म्हणून शेजारी माणूस उभा करतात. आता धिप्पाड माणूस उभा केला तर बोकड बारका दिसतो. म्हणून मी ऋतुजाला उभी करायचो. पोरगी अंगानं बारीक, तिच्या बाजूला बोकड वासराएवढा वाटायचा. त्या वर्षी एका बोकडाची शिंगं तिच्या हातात देऊन मी तिला उभी केली होती. घरातल्या कपड्यांवर, केस विस्कटलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. मी बोकड बघत होतो. ती कशी दिसते हे मी बघितलंच नाही.

तो फोटो फिरत फिरत तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी हाती लागला. फोटोंच्या एका ॲपवर त्या मुलांनी नाव न लावता एक अकाउंट काढलं होतं. वर्गातल्या दोन-दोन मुलींचे फोटो शेजारी ठेवायचे आणि कोण भारी, यावर खाली कमेंटमध्ये मतं घ्यायची. ऋतुजाच्या वेळी त्यांनी दुसरी मुलगी शोधली नाही. मी काढलेलाच फोटो मधून कापला, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला बोकड. मतं बोकडाला जास्त पडली.

ती रोज ते उघडून बघायची. मतं वाढतच होती. कोणाकोणाची हे नावासकट दिसायचं, त्यात तिच्या बाकावर बसणारीही होती. तिनं घरात शब्द काढला नाही, कारण शब्द काढला असता तर फोटो कोणी काढला, तिथपर्यंत यावं लागलं असतं. मंदाला हे लगेच कळलं. मला कळायला तिला वॉर्डाच्या दारात विचारावं लागलं.

"त्या बोकडाजवळ तिला उभं कोणी केलं व्हतं? मी का?"

त्यानंतर आमचं दोघांचं बोलणं औषधं आणि डब्यापुरतं राहिलं. माझे जुने गिऱ्हाईक सलीमभाई केळी घेऊन बघायला आले. मी त्यांना सांगितलं, मला वाटलं ते माझी बाजू घेतील. केळ्यांची पिशवी खाली ठेवून ते म्हणाले, "सेठ, बकरा तो अकेलाच बिक जाता. बच्ची को कायकू खडा करे तुम?"

हा बाजार नाही

मी शाळेत गेलो. कसा गेलो ते आरतीनं नंतर सांगितलं, की माझा आवाज वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गापर्यंत पोचला होता. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी हात आपटला, पोरांची नावं मागितली. ते खुर्चीतून हलले नाहीत. म्हणाले, फोटो तुमच्या फोनातून बाहेर गेला, मोबाइल घरचे आहेत, वेळ शाळा सुटल्यानंतरची आहे, शाळेला यात ओढू नका. आणि वर म्हणाले, "आवाज खाली घ्या. हा बाजार नाही."

ते वाक्य मला अजून बोचतं. फोटोबद्दल ते म्हणाले ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. पण वर्ग त्यांचा होता. पोरं त्यांची होती. त्यांच्या छताखाली सकाळी प्रार्थना म्हणून त्याच बाकांवर बसून एकमेकांची किंमत लावत होती, आणि मला सांगतात हा बाजार नाही. बाजारात आम्ही जनावराचासुद्धा भाव चारचौघांत उघड करत नाही. हे मी त्यांना तेव्हा बोलू शकलो नाही. तेव्हा फक्त ओरडलो.

माझ्या ओरडण्यानं झालं एवढंच, की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. आरतीनं ते ऋतुजाला सांगितलं आणि ऋतुजा भिंतीकडं तोंड करून झोपली. हिच्यासारखं ज्यांच्या लेकराचं झालं असेल त्यांना माझं सांगणं आहे. शाळेत जा, जरूर जा, पण लेकराला विचारून जा, आणि काय बोलणार ते त्याला आधी सांगून जा.

वॉर्ड

हॉस्पिटलचा दिवस लवकर सुरू होतो. झाडू, फिनेलचा वास, मग ताप बघणारी सिस्टर, मग चहावाला. शेजारच्या खाटांवर लहान पोरं. त्यांच्या आया त्यांना गप्प करायला फोनवर मोठ्यानं कार्टून लावून द्यायच्या. सकाळपासून चार-पाच फोन एकदम वाजत असायचे. मला ते फोन खिडकीतून फेकावेसे वाटायचे. ऋतुजा उशीखाली डोकं घालायची.

चांगल्या गोष्टीही झाल्या, त्या विसरता येत नाहीत. बजाजनगरहून कामाला येणारी एक सिस्टर होती. तिनं पहिल्या दिवशी ऋतुजाच्या टाळूवरची जागा बघितली आणि काही विचारलं नाही. कंगवा घेऊन बसली आणि केस असे वळवून वेणी घातली, की ती जागा झाकली गेली. नंतर तिची पाळी नसली तरी जाता जाता ती वेणी घालून जायची. समोरच्या खाटेवरच्या बाई गंगापूरकडच्याच निघाल्या. त्यांच्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा ऋतुजानं घेतला, आमच्या डब्यातलं ती काही घेत नसताना. मंदाला त्याचं वाईट वाटलं नाही. ती त्या बाईंना म्हणाली, "उद्या दोन जास्त थापा, ताई. पीठ मी आणते." त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा एकमेकांकडं बघून हसलो.

पण मुलगी बोलत नव्हती. मॅडम रोज यायच्या, खाटेवर बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या. ती मान हलवायची, तेवढंच. तिच्या अंगात ताकद आली होती. घरी सोडायचं की नाही हे ठरवायची वेळ आली होती.

रुमाल

त्या दिवशी मॅडमनी पडदा ओढून घेतला आणि विचारलं, मनावर किती ओझं वाटतं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ऋतुजानं पांघरूण ओढून घेतलं. कागद दिला, लिहून दे म्हणाल्या. तिनं कागदाला हात लावला नाही. मग त्यांनी आणखी हळू विचारलं, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी मनात येतं का?

तिनं भिंतीकडं बघितलं. मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, हे कळल्याशिवाय मी हिला घरी पाठवू शकत नाही.

मला ते कसं सुचलं, हे सांगता येणार नाही. बाजारात आमचा सौदा तोंडानं होत नाही. मालक आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि खालून बोटं धरतात. एक बोट धरलं म्हणजे एक, सगळा पंजा धरला म्हणजे पाच. भोवती कितीही माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. सौदा फिसकटला तरी मालाची लाज जात नाही आणि मालकाचीही. ऋतुजा लहान असताना माझ्याबरोबर बाजारात यायची, तेव्हा मी तिला हे खेळ म्हणून शिकवलं होतं.

मी गळ्यातला रुमाल काढला, आमच्या बाजूला त्याला दस्ती म्हणतात, आणि तिच्या हातावर टाकला. खालून माझा हात पुढं केला. म्हणालो, "मॅडमनी विचारलं ते. मला एकट्याला सांग."

 मग तिनं माझा पंजा धरला. सोडला. परत चार बोटं धरली.

नऊ.

सौद्यात माझा चेहरा कधी हलत नाही, त्यासाठी मी बाजारात ओळखला जातो. मी मान खाली घातली. मग विचारलं, "मॅडमचं दुसरं. व्हय असंल तर एक बोट धर. नाय असंल तर मूठ कर."

तिनं माझं एक बोट धरलं. आणि ते सोडलंच नाही.

मॅडमना सांगू का, असं मी विचारलं. सांगा, असं ती तोंडानं म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला होता.

मॅडमनी तिला घरी सोडलं नाही. औषध सुरू केलं. एका क्षणासाठीही तिला एकटं ठेवायचं नाही, असं आम्हाला बजावलं. घरात काय काय कुलपात ठेवायचं तेही सांगितलं. त्यांचा आवाज जराही चढला नाही, त्यामुळं आम्हालाही धीर आला. ऋतुजाला त्या म्हणाल्या, तू सांगितलंस हे सगळ्यात अवघड काम होतं, पुढचं आम्ही करू. वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. लेकरानं असं काही सांगितलं, नुसतं सुचवलं, तरी ते मनावर न घेण्याची चूक करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. लोक काय म्हणतील हा विचार नंतर करा. नंतर तो विचार येतही नाही.

मी आकडा पाडला

घरी आल्यावर मॅडमनी तो रुमाल चालू ठेवायला सांगितला. रोज संध्याकाळी, फक्त आकडा, त्यावर भाषण नाही. मी शेळ्यांना वैरण टाकून आलो की आम्ही ओट्यावर बसायचो. सुरुवातीला आठ यायचा, मग कधी सात. सात आला की मला बाजार मारल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी पुन्हा आठ आला. आणि माझ्या हातानं, मला न विचारता, तिची बोटं उलटी धरली. पंजा आणि एक बोट. सहा.

सहावर ये, असा त्याचा अर्थ. बाजारात कोणी आठ म्हटलं तर माझा हात सहाच म्हणतो. जन्मभर तेच केलंय. पण ती बोकडाचा भाव सांगत नव्हती. तिनं हात ओढून घेतला, उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आलीच नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. जेवण परत कमी झालं. मंदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या पोरांनी तिची किंमत पाडली. तुम्हीबी पाडली."

मी एकटा मॅडमकडं गेलो. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, आकडा घ्यायचा, पाडायचा नाही. ती आठ म्हणाली तर तिच्यासाठी आठ आहे. तुम्ही सहा म्हटल्यावर तिला कळलं की इथंही आपलं ऐकत नाहीत.

मी रोज ओट्यावर बसायला लागलो. रुमाल मांडीवर. तिला हाक मारली नाही, मंदाकरवी निरोप पाठवला नाही. ज्या माणसानं आयुष्यात कधी कोणाची वाट बघितली नाही त्यानं वाट बघितली. मला असा रोज बसलेला बघून गल्लीतल्या लोकांना वाटायला लागलं की माझा धंदा बसला. एका संध्याकाळी ती आली आणि रुमालाखाली हात घातला. पंजा आणि चार बोटं. नऊ. माझी परीक्षा घेत होती हे मला कळलं. मी तेवढाच आकडा तिच्या बोटांवर परत धरला. पंजा, चार बोटं. आमच्यात त्याचा अर्थ, मान्य आहे. जसा सांगितला तसा.

मग ती बोलायला लागली. त्या दिवशी जे बोलली ते तिनं इथून खोडलंय.

सुधारणा कशी दिसते

आकडा सरळ खाली येत नाही. पाचवर आला आणि परत सातवर गेला, असं झालं. औषध आजही चालू आहे, कमी केलंय. समुपदेशनाला तिला आधी मंदा घेऊन जायची, आता ऋतुजा रिक्षानं आरतीबरोबर जाते. केस आले. ते तिनं आखूड कापून घेतले, तिला तसेच आवडतात.

फोनचं मॅडमच्या समोर ठरलं. मला फोन शून्यावर आणायचा होता. ऋतुजा म्हणाली, मग आरतीशी आणि मामेबहिणीशी कुठं बोलू? शेवटी असं ठरलं की फोन बैठकीत राहील, झोपायच्या खोलीत कोणाचाच जाणार नाही. कोणाचाच म्हणजे माझाही. गिऱ्हाइकांचे फोन रात्री येतात हे मी सांगून बघितलं. ती म्हणाली, गिऱ्हाईक सकाळीपण असतं. ते फोटोंचं ॲप तिनं आपणहून काढलं, परत टाकलं, परत काढलं. सध्या आहे. त्यात काय चाललंय हे मी विचारत नाही, कधीकधी ती दाखवते. आणि आता आमच्या स्टेटसला बोकड एकटाच उभा असतो. मोजमापाला शेजारी फूटपट्टी लावलेली काठी.

शाळा

शाळा बदलायचं म्हणत होतो. ऋतुजानं नाही म्हटलं. मी का जाऊ, म्हणाली. मॅडमनी शाळेशी बोलून बैठक ठरवली आणि एका गुरुवारी, बाजार सोडून, मी, मंदा आणि ऋतुजा मुख्याध्यापकांसमोर बसलो. ते अकाउंट तोवर कोणीतरी घाबरून पुसून टाकलं होतं.

मी पूर्ण तयारीनं गेलो होतो. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी, त्या पोरांवर कारवाई, आणि 'हा बाजार नाही' हे त्यांनी परत घ्यायचं. यातल्या एकावरूनही मी खाली उतरणार नव्हतो. चहा आला. मी घसा खाकरला.

"सर, मी बोलू का?" ऋतुजा म्हणाली.

ती म्हणाली, तिला आरतीच्या बाकावर बसायचंय. वर्गात जीव घाबरला तर हात वर करून कारण न सांगता तिला वाचनालयात जाऊन बसायची मुभा हवी. सर लगेच हो म्हणाले. मग ती म्हणाली, शाळेच्या कार्यक्रमात मुलांचे फोटो काढून शाळेच्या पानावर टाकतात, ते विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. इथं सर थबकले. प्रवेशाच्या दिवसांत फोटो लागतात, पालकांना बघायचं असतं, असं काहीतरी म्हणाले. मला त्यांची अडचण बरोबर कळली, माझ्याइतकी कोणालाच कळली नसती.

"ज्यांना चालतं त्यांचे टाका, सर," ती म्हणाली. "पण आधी प्रत्येकाला विचारा. मला नाही चालत."

सरांनी वहीत लिहून घेतलं. मी म्हणालो, "आणि माफीचं काय?"

ऋतुजा माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही, पण मागंही घेतला नाही.

"ते तुमचं आहे, पप्पा. माझं झालं."

आपल्याच माणसानं सौदा पक्का केल्यावर मध्ये बोलायचं नसतं. मी चहा प्यालो. त्या माणसानं माफी मागितली नाही, आजपर्यंत मागितलेली नाही, आणि मी ते विसरलेलो नाही. घंटा झाली. दारात आरती उभी होती. ऋतुजानं दप्तर उचललं आणि चाचणीत काय काय येणार हे विचारत तिच्याबरोबर जिना चढून गेली.

मी आणि मंदा गेटपाशी आलो. मी म्हणालो, या माणसाला मी सोडणार नाही.

"नका सोडू," मंदा म्हणाली. "पण हळू बोला. तिचा तास चालू झालाय."

मी हळू बोललो.